मॅडमची रिकामी खुर्ची

रडायला जमलेल्या माणसांचे जेवढे किस्से होतात, तेवढे लग्नात जेवायला जमलेल्यांचेही होत नाहीत. कोथरूडच्या एका सोसायटीत दर रविवारी आमचा ग्रुप बसतो. समुपदेशन करणाऱ्या मॅडम आणि नवरा-बायकोत काहीतरी अडकलेली तीन जोडपी.

माझा मोठा भाऊ, दादा, हायवेवर ट्रकखाली गेला. तेव्हापासून मी बायकोला, रूपालीला, जवळ येऊ दिलेलं नाही. बाहेरच्या खोलीत, त्याच्या सतरंजीवर झोपतो. म्हणून तिने मला लोणी काळभोरहून इथे ओढून आणलं. बाकीच्यांची नावं बदलून सांगतो, मॅडमची अट आहे.

*

पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं, कुणाकडे? लाज वाटली. गेटवरची पाटी वाचून दातांच्या डॉक्टरकडे म्हणालो.

"डॉक्टर रविवारी नसतात," तो म्हणाला. "रडायचं असेल तर पहिला मजला."

*

जोशीकाका रिटायर्ड आहेत. मॅडमनी त्यांना विचारलं, काकूंचा हात शेवटचा कधी धरला होता? काकांनी बराच वेळ आठवलं. मग म्हणाले, परवाच, कर्वे रोड ओलांडताना.

"हात नाही, पिशवी धरली होती," काकू म्हणाल्या. "त्यात दूध होतं."

*

दुसरं जोडपं खराडीचं, दोघंही आयटीत. त्यांना होमवर्क होता, रोज थोडा वेळ मोबाईल बंद करून समोरासमोर बसायचं. पुढच्या रविवारी मॅडमनी विचारलं, कसं वाटलं?

"ऑकवर्ड," तो म्हणाला. "घरात पाहुणं आल्यासारखं."

सगळे हसले. बायको हसली नाही. "कोण पाहुणं, तेही सांग."

*

मला मॅडमनी विचारलं, दुःख शरीरात कुठे जाणवतं? नववीत शाळा सोडल्यापासून मला कुणी असे प्रश्न विचारले नव्हते. मी छातीवर हात ठेवला. जोशीकाकांनी लगेच खिशातून ॲसिडिटीची गोळी काढून दिली. मी ती खाल्लीसुद्धा! सगळे माझ्याकडे बघत बसले, आता फरक पडेल म्हणून.

नाही पडला.

*

मॅडमची एक पद्धत आहे. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, गेलेलं माणूस तिच्यात बसलंय असं समजायचं आणि बोलायचं. माझी पाळी आली. तोंडातून "दादा" एवढंच निघालं आणि मी खुर्चीला लाथ घातली. ती जाऊन भिंतीवर आपटली.

मग काकू हळूच काकांना म्हणाल्या, "बघा. त्याने निदान पाय तरी हलवला."

*

गेल्या रविवारी पुन्हा तीच खुर्ची. मी मानेनेच नाही म्हटलं. मॅडम काही बोलणार, तेवढ्यात रूपाली उठली. इतक्या रविवारांत ती ग्रुपमध्ये एक शब्द बोलली नव्हती. खुर्चीसमोर गेली आणि तिने ओढणी डोक्यावर घेतली. दादा घरात आला की घ्यायची, तशी.

"दादा, तुमची सतरंजी आज धुवायला घेते," ती म्हणाली. "रागावू नका. हे माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. यांना आत झोपायला सांगा."

मग ती तिथेच उभी राहिली, मान खाली घालून, उत्तराची वाट बघत.

आम्ही सगळेच खुर्चीकडे बघत होतो.