ओके म्हणेपर्यंत

रविवारी सकाळच्या एसटीने मुरगूडला निघालो होतो... मांडीवर कॅमेऱ्याची बॅग आणि शेजारच्या सीटवर इंदूअक्का. कागल यायच्या आत मी बॅग उघडून बॅटरी दोनदा तपासली.

मी कोल्हापुरात, शाहूपुरीत एका व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात काम करतो. बारावी अर्धवट सोडली तेव्हापासून लग्नं, बारशी, वास्तुशांती... माझा मित्र प्रकाश नोकरी सांभाळून छोट्या फिल्म करतो आणि इंटरनेटवर टाकतो. या वेळची गोष्ट एवढीच, की मुलगा पुण्याला नोकरीला निघालाय आणि आई त्याला निरोप देते.

आई म्हणजे इंदूअक्का. आमच्या दुकानामागच्या गल्लीत राहतात. कोल्हापुरातले स्टुडिओ गजबजलेले होते तेव्हा त्यांनी कितीतरी सिनेमांत काम केलंय, पण सगळं मागच्या गर्दीत... पाणवठ्यावरची बाई, जत्रेतली बाई. पडद्यावर कधी पाठ आली, कधी नुसता पदर. घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

एसटीत त्यांनी एकच विचारलं, "ह्यात तोंड दिसंल न्हवं माझं?"

"दिसेल की अक्का," मी म्हणालो. पण मनात धाकधूक होती. प्रकाशच्या डोक्यात सगळा वेळ हिरोच होता...

शूटिंग प्रकाशच्या मामांच्या घरी. शेवटचा शॉट दारातला. मुलगा पाया पडतो, बॅग उचलतो आणि कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जातो.

अक्कांनी आधी खडू मागितला. उभं राहायच्या जागी उंबऱ्याशी रेघ मारून घेतली, मला कॅमेऱ्यातून बघायला लावलं आणि तालीम सुरू केली. "त्या वक्ताला फिल्म लई महाग. चुकलं की सगळ्यांम्होरं शिव्या. म्हणून आधी तालीम, आन् मग एकच टेक."

प्रकाश हसला. "अक्का, आता टेप हाय. कितीबी घेऊया की!"

तरी त्यांनी तालीम केलीच, पुन्हा पुन्हा. मला ते फार आवडलं. मीही लेन्स पुसल्याशिवाय बटण दाबत नाही.

शॉट सुरू झाला. आमचा हिरो सुनील पाया पडला, बॅग उचलली, माझ्या शेजारून गेला... आणि फाटकापाशी वाळत घातलेल्या मिरच्यांवर घसरून सपशेल आडवा!

शेजारच्या काकू ओरडल्या, "ओ पावणं, मिरच्या हायत त्या, गालिचा न्हवं!"

सगळे हसत तिकडे पळाले. प्रकाशही. कोणी म्हणतंय पाणी आणा, कोणी म्हणतंय डोळं चोळू नगं...

कॅमेऱ्यापाशी मी एकटाच राहिलो. 'कट' कोणी म्हणालंच नव्हतं. खरं तर आम्ही कधीच म्हणत नाही. टेप थोडी जास्त फिरली तर काय बिघडतं? पण सांगितल्याशिवाय बंद करायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून लाल दिवा तसाच राहिला.

छोट्या स्क्रीनवर अक्का होत्या. समोर एवढा गोंधळ, पण त्यांची नजर फाटकापलीकडच्या रस्त्यावर. दाराची चौकट धरलेली बोटं एकेक सुटली... हात निरोपासाठी जरासा उचलला, आणि पोरगा वळून बघत नाहीये हे कळल्यासारखा परत पदराकडे गेला. चेहरा हलला नाही. फक्त डोळे भरत चालले होते.

माझं बोट झूमवर गेलं. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं... हळूहळू जवळ गेलो, अक्कांचा चेहरा स्क्रीनभर होईपर्यंत.

प्रकाश परत आला. "अक्का, या, चहा घ्या. परत घेऊया."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. ओठ हलू न देता पुटपुटल्या, "ओके झालं का?"

"ओके, ओके!" प्रकाश म्हणाला.

तेव्हा कुठे त्या पायरीवर मटकन बसल्या. "आरं, त्या वक्ताचा कॅमेरा घरघरायचा. थांबला की कळायचं. ह्यो तुमचा मुकाच! आन् ओके म्हटल्याबिगर आम्ही कधी मान हलवली न्हाय."

एडिटिंगला बसलो तेव्हा प्रकाशला तो शॉट अर्धा कापायचा होता. "इंटरनेटवर एवढं कोण थांबतंय?" मी म्हणालो, माऊस सोड, एकदा नुसतं बघ. बाहेरचा हशा मी काढून टाकला होता आणि दूर जाणाऱ्या एसटीचा आवाज टाकला होता. कॉम्प्युटरवर किती सोपं झालंय हे...

त्याने बघितलं. परत बघितलं. "ऱ्हाऊ दे पूर्ण," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे... जुन्या काळी एवढा वेळ फिल्म कोणी फिरू दिली नसती. आणि आज, एवढा वेळ त्या आईच्या भूमिकेतच राहिलेलं माणूस आम्हाला कुठून मिळालं असतं?

परवा अक्का मुलाला आणि सुनेला घेऊन दुकानात आल्या. फिल्म लावली. शेवटच्या शॉटला नेट अडकलं... पडदाभर अक्कांचा चेहरा आणि त्यावर ते गोल फिरणारं चाक. मी खाली वाकून केबल हलवायला लागलो.

मुलगा पुढे सरकला. "आई... आगं, तूच हाईस की!"

सुनेने सासूचा हात धरला. अक्का बराच वेळ स्वतःकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आजून ओके म्हणंना वाटतं कोण."

सगळे हसलो. मी केबल सोडून दिली आणि उठून मागे उभा राहिलो... अडकलंय तर अडकू दे. अक्का, तुमच्या त्या न हललेल्या मानेला माझा नमस्कार.