सुप्रभाताईंचं व्हेनिस

लीड्समधल्या त्या घरात सहलींचं सगळं डॉक्टर बघायचे. डॉक्टर म्हणजे कमलाकर देवस्थळी. हाडांचे डॉक्टर, नागपूरहून आलेले, उभी नोकरी एकाच हॉस्पिटलात काढलेले. कन्सल्टंट हा वरचा हुद्दा त्यांना कुणी दिला नाही आणि त्याबद्दल घरी ते कधी बोलले नाहीत. शनिवार मोकळा मिळाला की ट्रेन पकडून कुठल्या तरी आर्ट गॅलरीत जायचे आणि संध्याकाळी बायकोला चित्रं सांगत बसायचे. सुप्रभाताई बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे तिकडच्या बँकेसारख्या पेढीच्या, काउंटरवरून दमून आलेल्या असत. भाजी निवडता निवडता ऐकत. "तुम्हाला कसं हो दिसतं एवढं सगळं," इतकंच म्हणत.

रिटायर झाल्यावर व्हेनिसला जायचं आणि आठवडाभर फक्त चित्रं बघायची, असं डॉक्टरांनी कधीचं ठरवलं होतं. तिकिटंही काढली होती. दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये बागेतला पाइप गुंडाळताना ते खाली बसले आणि त्यांना उठता येईना. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. इंग्रजी तर मुळापासून पुसलं गेलं. मराठीतले हो, नको, बरं, तू, जा एवढेच शब्द उरले, आणि कुठून तरी जिभेवर येऊन बसलेला एक 'मंगळवार'. पाणी हवं असलं तरी मंगळवार, खिडकी लावायची असली तरी मंगळवार. स्पीच थेरपिस्ट मुलगी भली होती, पण तिला मराठीचा गंध नव्हता. हॉस्पिटलमधले मित्र सुरुवातीला आले, चहाचा कप हातात घेऊन अवघडून बसले, मग येईनासे झाले.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात सुप्रभाताईंनी मुलीला फोनवर सांगितलं, "मे महिन्यात आम्ही व्हेनिसला जातोय."

वरदा बेसिंगस्टोकला एका कंपनीत कामाला होती. ती म्हणाली, "आई, तिथे सगळीकडे पूल आहेत. पायऱ्यांचे. व्हीलचेअर कशी नेणार तू?"

"पूल लागत नाही तिथेच जायचं. बोटीत चढवतात खुर्ची. मी विचारलंय."

त्यांनी खरंच विचारलं होतं. हॉटेलला फोन केले होते, लायब्ररीतून शहराचा मोठा नकाशा आणला होता. बोटीच्या कुठल्या धक्क्यावर उतरलं तर पूल न ओलांडता कुठल्या दारापर्यंत जाता येतं, हे त्या रोज थोडं थोडं शोधत. निम्मं शहर असंच गळून पडलं. उरलेल्यात काय बघायचं हा प्रश्न होता. ते ठरवणारा माणूस समोर बसलेला होता आणि सांगू शकत नव्हता.

मग त्यांनी एक युक्ती काढली. डॉक्टरांच्या पुस्तकांतली दोन चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवायची आणि विचारायचं, "यातलं कुठलं?" डॉक्टर डाव्या हाताचं बोट ठेवत. निवडलेलं चित्र दुसऱ्या दिवशी नव्या चित्राशेजारी. हिवाळा असा गेला. दुपारी चारलाच अंधारून यायचं, सुप्रभाताई दिवा लावायच्या आणि पुस्तकं उघडायच्या. डॉक्टरांची निवड त्यांना कळत नसे. ज्या चित्रांबद्दल ते पूर्वी तासन् तास बोलत, ती ते सहज बाजूला टाकत. पण निवड त्यांची होती. गेल्या दीड वर्षात त्यांनी स्वतः ठरवलेली ही एवढीच गोष्ट होती.

फेब्रुवारीत वरदा शनिवार-रविवार राहायला आली. आईबाबांचं हे चाललेलं ती सोफ्यावर बसून बघत होती. बघता बघता उठली आणि तिने दोन्ही चित्रांची अदलाबदल केली. डॉक्टरांनी आता दुसऱ्याच चित्रावर बोट ठेवलं. तिने पुन्हा बदललं. बोट पुन्हा डावीकडे.

स्वयंपाकघरात येऊन ती हळूच म्हणाली, "आई, बाबा चूझ करत नाहीयेत. त्यांना राइटवालं चित्र दिसतच नाही."

सुप्रभाताईंनी चमचा खाली ठेवला. उजव्या बाजूची नजर गेली आहे हे हॉस्पिटलने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. जेवताना ताटातला उजवीकडचा भात तसाच राहायचा, म्हणून अर्ध्या जेवणानंतर ताट फिरवायची त्यांना सवयच लागली होती. इतक्या महिन्यांत पुस्तक फिरवायचं मात्र सुचलं नव्हतं.

"मला वाटलं, मान वळवून बघत असतील," त्या म्हणाल्या.

वरदा गेल्यावर काही दिवस पुस्तकं मिटलेलीच राहिली. सुप्रभाताई नेहमीची कामं करत होत्या, डॉक्टरांची दाढी करत होत्या, पण त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्या खुर्ची ओढून नवऱ्याच्या डाव्या हाताला बसल्या.

"अहो, तुम्हाला एकच चित्र दिसत होतं आणि मी दोनातलं निवडा म्हणत होते. आता एकेक दाखवते. हवं असलं तर हो म्हणा."

पहिल्या चित्राला डॉक्टर नको म्हणाले. दुसऱ्यालाही नको. पाचव्या-सहाव्या नकोनंतर त्यांनी डाव्या हाताने पुस्तक बायकोकडे सरकवलं.

"तू," ते म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तू," ते पुन्हा म्हणाले, आणि पुस्तकावरचा हात काढून घेतला.

सुप्रभाताईंनी मग स्वतःसाठी पानं उलटली. त्या थांबल्या एका झोपलेल्या राजकन्येपाशी. खोली कशी आवरलेली, पलंगावरची चादर सरळ, सपाता जागच्या जागी, पायथ्याशी छोटंसं कुत्रं. अशी निवांत झोप घरात कुणी घेतल्याला किती दिवस झाले होते. त्यांनी त्या पानात कागदाचा तुकडा घातला.

मे महिन्यात दोघं व्हेनिसला गेले. बोटीवरच्या माणसाने एक शब्दही न बोलता खुर्ची आत घेतली. संग्रहालयात लिफ्टची किल्ली असलेला गृहस्थ सापडेपर्यंत बराच वेळ खाली थांबावं लागलं. वर, राजकन्येच्या चित्रासमोर, डॉक्टर पलंगाकडे बघत राहिले. चित्राच्या उजव्या अंगाला, दारातून उजेड घेऊन एक देवदूत आत येत होता. सुप्रभाताईंनी खुर्चीचा ब्रेक काढला आणि चाकं सावकाश उजवीकडे वळवली. देवदूत डॉक्टरांच्या नजरेत आला. मग त्यांनी परत पलंगाकडे फिरवायची खूण केली. मग पुन्हा दाराकडे. लोक मागून वळसा घालून जात होते. सुप्रभाताईंचे हात भरून आले, पण त्या फिरवत राहिल्या.

सगळं काही पार पडलं नाही. बुधवारपासून पाऊस लागला, डॉक्टरांना ताप चढला आणि उरलेला आठवडा हॉटेलच्या खोलीत गेला. शुक्रवारी दुपारी ताप उतरला. डॉक्टरांनी आधी बायकोकडे आणि मग दाराकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले.

रिसेप्शनवरच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून सुप्रभाताई निघाल्या. जवळच एक चर्च होतं, पण मध्ये पूल होता, म्हणून यादीतून गळलेलं. त्या पूल चढून उतरल्या. चित्र बघायला त्या एकट्या कधीच कुठे गेल्या नव्हत्या. आत गारवा होता, मेणबत्त्यांचा वास होता. वेदीवरच्या चित्रासमोर त्या बाकावर बसून राहिल्या.

परत आल्या तेव्हा डॉक्टर जागे होते. ओली छत्री कोपऱ्यात ठेवून सुप्रभाताई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या.

"आई आणि मूल आहे," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "आजूबाजूला साधू-संत उभे आहेत, पण कुणीच कुणाकडे बघत नाही. जो तो आपल्यात. आईचा पदर निळा. निळा म्हणजे कसा, आपल्या वरदाच्या बारशाला मी नेसले होते ना, तसा."

त्या थांबल्या. एवढंच सांगता येईल असं त्यांना वाटलं.

"आणि?" डॉक्टर म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून आजारपणानंतर कधी आला नव्हता. सुप्रभाताईंनी खुर्ची पुढे घेतली. खाली पायरीवर एक मुलगी वाद्य वाजवत बसली आहे, तिचे केस मोकळे आहेत, आणि तिला ऐकणारं असं चित्रात कुणीच दिसत नाही, हे त्या सांगू लागल्या.