भजनांची फ्लॉपी

फ्लॉपी साचतात तसे किस्सेही साचतात. वर लेबल एक, आत भलतंच! नव्वदच्या दशकात मी लखनौच्या एका मेडिकल रिसर्च संस्थेत होतो. बख्शी का तालाबच्या आसपासची गावं पालथी घालून काविळीच्या रुग्णांचा डेटा जमवला होता, रक्तात बिलीरुबिन किती चढलं याच्या आकड्यांसकट. कित्येक वर्षांची कमाई तेवढीच, आणि माझं प्रमोशनही त्याच्यावरच अडलेलं. तो कुणाला दाखवायचा? छे! मुलगी द्यावी, पण डेटा देऊ नये, अशा खानदानातले आम्ही सगळे.

*

एकदा सेमिनारमध्ये मला ग्राफ दाखवणं भागच पडलं. कुणी आकडे उतरवून घेऊ नयेत म्हणून मी स्लाइड्स भराभर सरकवल्या. दिवे लागले तेव्हा डायरेक्टरसाहेबांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "कुलकर्णीजी, शुरू कब करेंगे?"

*

शेजारच्या लॅबमधले श्रीवास्तवसाहेब शहरातल्या काविळीवर काम करत. माझी गावं आणि त्यांचं शहर जोडलं असतं तर झकास पेपर झाला असता. डायरेक्टरांनी आम्हाला एका टेबलाशी बसवलं. दोघांच्याही खिशात फ्लॉपी. ते म्हणाले, "पहले आप." मी म्हणालो, "नहीं साहब, पहले आप." या नादात लखनौत लोकांची गाडी चुकते म्हणतात, आमचा पेपर चुकला. समोसे मात्र दोघांनी एकदमच उचलले.

*

मग मी शक्कल लढवली आणि फ्लॉपीवर 'भजनसंग्रह' असं लेबल चिकटवलं. काविळीवाल्यांच्या संस्थेत भजनं कोण उघडतंय? मी गावी गेलेलो असताना श्रीवास्तवसाहेब ती माझ्या टेबलावरून घेऊन गेले, अम्मांसाठी भजनं छापून काढायला. दुसऱ्या दिवशी परत करताना म्हणाले, "भजन तो अच्छे हैं, बस बिलीरुबिन ज़रा ज़्यादा है."

मला पुढे आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

*

आता कुणावरच भरवसा ठेवायचा नाही, असं ठरवलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसून टाकली. मूळ फॉर्म वाळवीनं आधीच वाचून संपवले होते. उरलेली एकुलती एक फ्लॉपी इंदिरा नगरच्या घरी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

तिनं दरवर्षीप्रमाणे तांदळाला एरंडेल चोळलं. संध्याकाळी तेलानं निथळणारी फ्लॉपी माझ्या हातात देत म्हणाली, "अहो, हे तुमचंच ना? याला आता कीड लागायची नाही."

*

प्रमोशनची कमिटी सोमवारी यायची होती आणि फ्लॉपी काही केल्या उघडेना. डेटा गेला होता. माझं तर रडायचंच बाकी होतं. शेवटी नाक मुठीत धरून श्रीवास्तवसाहेबांच्या लॅबमध्ये गेलो. विचारणार तरी कसं? माझा डेटा चोरलात का, म्हटलं तर त्यांचा अपमान, आणि नसेल चोरला तर मी संपलो. समोरचा माणूस चोर निघू दे, असं देवाला साकडं घालायची वेळ माझ्यावर तेव्हा पहिल्यांदाच आली.

मी चाचरत म्हटलं, "साहब, वो भजन... आपके पास एक कॉपी होगी?"

त्यांनी उठून दार लावलं. कपाटाचं कुलूप काढलं, रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाले, "सँभालकर रखिएगा, कुलकर्णीजी. यहाँ लोग बिना पूछे कॉपी कर लेते हैं."