रत्नागिरी ते कोल्हापूर, पंचवीस मिनिटं

आमच्या बाबांना कुणी अंतर विचारू नये. नाव काशीराम, सांताक्रूझ विमानतळावर लोडर. विमानाच्या पोटात बॅगा चढवण्यात बावीस वर्षं गेली, स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत. पण मरोळच्या आमच्या चाळीत ऐट बघावी, पायलटनंही लाजावं! कुणी पुण्याला निघालं की बाबा लगेच, "पुणं? अर्धा तास!" तो बिचारा एस्टीत दिवसभर घामाघूम होणार, त्याचं यांना काय!

मी उत्तरा, त्यांची थोरली. शहाऐंशी साली मला कोल्हापूरचं स्थळ आलं. शिवदास, शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा माझ्या हातचे खारट पोहे त्यानं निमूट खाल्ले आणि वर आणखी मागितले. मला तो तिथंच आवडला. लाजायचं काय त्यात?

आई मात्र अडून बसली. दोन वर्षांनी बाबा रिटायर झाले की दोघं रत्नागिरीला गावी राहायला जाणार होते. "पोरगी घाटावर द्यायची? एवढ्या लांब? मला नाही जमायचं."

मग बाबांनी डोकं लढवलं. कार्गो ऑफिसच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यावर रत्नागिरीच्या धावपट्टीपासून कोल्हापूरच्या धावपट्टीपर्यंत सुतळी ताणली, पट्टीनं मोजली आणि घरी येऊन आईला जाहीर केलं, "एकशे दहा किलोमीटर. पंचवीस मिनिटं, रत्ना! कुकरची शिटी होईस्तोवर पोरीच्या दारात." विमानतळावरच्या माणसाचा शब्द म्हणून आईनं मानलं. मी गप्प बसले. मला लग्न करायचं होतं ना!

सुपारी फोडायला शिवदास आणि त्याची आई सुलक्षणाबाई आल्या. आईनं तबक पुढं ठेवलं, आणि बाबांना कुठलं राहवतंय! "विहीणबाई, आपण काय, पंचवीस मिनिटांचे शेजारी!"

सुलक्षणाबाईंना हसता हसता ठसका लागला. "अवो पावणं, त्या दोन गावांत विमान उडतंय कुठं? मधी आंबा घाट हाय. एस्टीला चार तास, आन् गाडी बंद पडली तर देवालाच ठावं!"

आईनं बाबांकडे पाहिलं. "विमानच नाही?"

"नाही, पण... सरळ रेघेत तेवढंच आहे गं." बाबांचा चेहरा उतरला. "घाट मी धरलाच नाही. चुकलं माझं."

आईनं तबक मागं ओढलं. वाट लागली! शिवदास खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं लादी घासत बसला.

"तुम्ही राहू द्या तुमचे तास नि मिनिटं," आई बाबांना म्हणाली. मग विहिणीकडे वळली. "माझं माहेर घाटकोपरला. इथून बसनं तासभरसुद्धा नाही. सासूबाई होत्या त्या नऊ वर्षांत त्यांनी मला चारदा पाठवलं. माझी आई आजारी होती तेव्हासुद्धा 'उद्या जा' म्हणाल्या, नि ती त्या रात्रीच गेली. घाट असू दे, नाहीतर समुद्र असू दे. तुम्ही हिला पाठवाल का, तेवढं सांगा."

सुलक्षणाबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"माझं म्हायेर तर पल्याडच्या गल्लीत व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "मलाबी न्हाई धाडलं."

मग पदरानं डोळे पुसून त्यांनीच तबक पुढं ओढलं.

"फोडा सुपारी. ही म्हनंल त्या दिवशी मी सोता हिला एस्टीत बसवून दीन."