निळ्या पाण्याचा उतार

तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचं आणि शेजारी उकिडवं बसून ते कुठं जातं ते बघत राहायचं, ही त्यांची कामाची सुरुवात. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "मला काय इचारतासा? पाण्याला इचारा."

आमच्या शहापुरातल्या गल्लीत गटार बांधायला कचेरीकडून आलेले हे निपाणीकडचे मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीअण्णा म्हणत. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, याची आज लाज वाटते.

विणकराचं घर तुम्ही पाहिलं असेल तर ठाऊक असेल, आमचे माग खड्ड्याचे. काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबायच्या. पावसाळ्यात गल्लीतलं घाण पाणी त्याच खड्ड्यात उतरायचं. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, पायांची कातडी सडायची. त्या वर्षी वैद्यांनी स्पष्टच सांगितलं, आणखी एक पावसाळा असा काढलात तर पाय जाईल.

त्यामुळं आम्हाला गटाराची घाई होती. मिस्त्रीअण्णांना मात्र नव्हती. सकाळी गल्लीभर ताणे पसरून आम्ही सुताला खळ लावायचो, तोवर ते कुदळ उचलत नसत. "सूत वाळू दे की. गटार काय पळून जातंय व्हय?" मी मनात चरफडायचो.

त्यात कचेरीच्या ओव्हरसियरसाहेबांनी नकाशात उतार देवळाकडं आखलेला. मिस्त्रीअण्णांचं पाणी काही तिकडं जाईना, आमच्या दाराकडं येई. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "नकाशाप्रमाणं बांधा, नाहीतर निपाणीला जा."

दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला आले. मिस्त्रीअण्णांनी शेजारच्या रंगाऱ्याकडून निळ्या रंगाच्या पाण्यानं भरलेली घागर आणली आणि आखलेल्या रेषेवर ओतली. निळी धार साहेबांच्या बुटांना वळसा घालून आमच्या उंबऱ्याखालच्या भेगेतून आत शिरली. आतून आप्पांचा आवाज आला, "अरं, माझा पाय किस्नाचा झाला की."

साहेब आत आले. निळा पाय पाहिला, त्यावरच्या जखमाही पाहिल्या. नकाशाची घडी खिशात घालून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही म्हणाल तसं." मिस्त्रीअण्णांनी आदल्या दिवशीच वळकटी बांधून ठेवली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. नोकरीवर पाणी सोडून हा माणूस घागर आणायला गेला होता.

गटार नाल्याकडं गेलं. श्रावणाच्या झडीतही आमचा खड्डा कोरडा राहिला, आप्पांच्या पायांच्या जखमा भरून आल्या. घरात इतका आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

पुढं मिस्त्रीअण्णा निपाणीला गेले ते परत दिसले नाहीत. जायच्या आधी एका दुपारी चिंब भिजून घरी आले. आप्पांनी हाताला धरून त्यांना आपल्या जागी, मागावर बसवलं. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, पाय पुसायला फडकं दिलं. चिखल निघाला. बोटं पांढरी पडलेली, मधली कातडी सडलेली. आप्पांचे पाय पूर्वी होते तसेच.

"कोरडं हाय की लई," एवढंच म्हणत त्यांनी पाय खड्ड्यात सोडले आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. आप्पांनी त्या दुपारी माग चालवला नाही.