फुकटरावाने सुरक्षित केलेला संगणक

फुकटरावाने मावशीचा संगणक इतका सुरक्षित करून ठेवला, की व्हायरस सोडाच, तिचं स्वतःचं भरतकामाचं यंत्रही त्यात शिरू शकेना.

झालं असं, की कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून घाण आली आणि पडद्यावर नको त्या चित्रांची रांग लागली. मावशीने पडद्यावर टॉवेल टाकला आणि भाच्याला बोलावलं. भाचा आला तो तत्त्वज्ञान घेऊनच. "विकतच्या सिस्टीमच्या कपाळी हेच असतं," म्हणाला, आणि सगळं पुसून त्याने आपली लाडकी मुक्त प्रणाली टाकली, जिचा कोड कोणालाही उघडून बघता येतो ती. मावशीची बिलं, फोटो, भरतकामाचे नमुने सगळं आधी जपून ठेवलं. फक्त यंत्राला नमुना पोचवणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कार्डाची ओळख पटवणारा प्रोग्राम, जपायचा राहिला. ते कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि कार्ड कसं चालतं हे गुपित सोबत घेऊन गेली होती. त्यामुळे मुक्त जगातल्या कोणालाही त्याचा ड्रायव्हर लिहिता आलेला नव्हता. पडद्यावर एवढंच येई: अनोळखी उपकरण.

कोपऱ्यात परिचारिकांच्या गणवेशांचे गठ्ठे पडले होते. त्यांच्या खिशांवर रुग्णालयाचं चिन्ह भरून सोमवारी द्यायचं होतं. ही ऑर्डर गेली, की यंत्र विकण्याशिवाय मावशीपुढे दुसरा मार्ग नव्हता. हातांनी भरायचं म्हटलं, तर बोटं आता सुईला जुमानत नव्हती.

"म्हणजे चोरही आत येत नाही आणि मीही नाही," मावशी म्हणाली. "कुलूप झकास लावलंस हो."

फुकटराव हे नाव त्याला दर शनिवारी चहाला जमणाऱ्या संगणकवेड्यांच्या कंपूने दिलेलं. "फुकट नव्हे, मुक्त" हे तो दर दहा वाक्यांनी म्हणे, म्हणून. पोटासाठी तो संगणक दुरुस्त करी. आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर लोकांची घाण उपसणं. कीबोर्ड उलटा केला की नखं, केस आणि बिस्किटांचा चुरा पडणार. संगणकाचा डबा उघडला की आत झुरळांचं बाळंतपण. जेवायला बसला तरी बोटांना तो तेलकट, कोंदट वास. मुक्त प्रणालीवर त्याचा जीव जडला तो या किळसेपोटीच. निदान इथे सगळं उघडं आहे, हजार डोळ्यांनी पाहिलेलं आहे, स्वच्छ आहे, असं त्याला वाटे.

शनिवारी तो कार्ड खिशात घालून चहाच्या दुकानात गेला. कंपू नेहमीसारखा सुरक्षिततेवर तुटून पडला होता. कोणाचा कोड जास्त डोळे तपासतात, यावर एकजण टेबल ठोकत होता. त्याच्या मिशीला साय लागली होती. फुकटरावाने कार्ड पुढे करून अडचण सांगितली.

"कार्ड चालत नाही? मग कार्ड बदल," मिशीवाला म्हणाला.

"कार्ड बदलायचं तर यंत्र बदलावं लागेल."

"मग यंत्र बदल की. प्रगतीच्या आड यंत्र कशाला येऊ द्यायचं?"

यातल्या एकानेही आयुष्यात स्क्रू फिरवला नव्हता. आणि बोलत होते ती वाक्यं फुकटरावाचीच होती. तोच त्यांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता.

समोर परवानेकाका बसले होते. विकतच्या सिस्टीमचे विक्रेते, फुकटरावाचे जुने वैरी, दुकानाच्या किल्लीने कान कोरणारे. "माझी नवी टाकून बघ," ते म्हणाले. "पैसे मोजले की सगळ्यांना ओळखते."

काकांच्या दुकानात जाऊन कार्ड लावलं, टाकून बघितली. तिनेही अनोळखी उपकरणच म्हटलं. वर नम्रपणे सुचवलं, की निर्मात्याशी संपर्क साधावा.

"निर्माता तर वर गेला," फुकटराव म्हणाला. "फोन लागतो का तिथं?"

काका दुकानातलं कपाट उघडायला उठले. कानातली तीच किल्ली कुलपात घातली, हे बघून फुकटरावाने तोंड फिरवलं. आतून चिकट, माशांचे डाग पडलेली एक जुनी सीडीची तबकडी निघाली. कार्ड मावशीला काकांनीच विकलं होतं. त्याचा ड्रायव्हर आणि जुनी सिस्टीम, दोन्ही त्या तबकडीत होतं.

"घेऊन जा. पण एक करायचं. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं, की तुझ्या सिस्टीमला हे कार्ड ओळखता आलं नाही."

"आणि तुमच्या?"

"माझं मी बघेन. तू तुझं सांग."

फुकटरावाने मान डोलावली. तबकडी रुमालात धरून घरी आणली, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. मग मावशीच्या संगणकावर ती जुनाट, भोकं पडलेली सिस्टीम चढवली. नमुने परत आत टाकले. शेवटी इंटरनेटची वायर पकडीने तोडली आणि पेनड्राइव्हच्या भोकांत डिंक भरला. यंत्र खडखडलं आणि सुई चालू लागली.

मावशी पहिल्या खिशावरचं चिन्ह बोटाने चाचपत म्हणाली, "एवढंच होतं, तर पहिल्याच दिवशी वायर तोडून ही भोकं बुजवायला काय झालं होतं तुला?"

फुकटरावाने वायरचा तुटका तुकडा उचलून खिशात घातला.

सोमवारी गणवेश गेले. शनिवारी कंपू पुन्हा जमला. एक नवखा विचारत होता, "आपल्या सिस्टीमवर न चालणारं असं काही असतं का हो?" काकांनी कप खाली ठेवला आणि फुकटरावाकडे बघितलं.

"असतं," फुकटराव म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. त्या सगळ्यांच्या तोंडावर तीच त्याची जुनी तुच्छता तयार बसली होती.

"म्हणजे असेलही," तो म्हणाला. "बघून सांगतो."