मामांनी इंजिन बसवलं

निपाणीपासून चिकोडीपर्यंत कुणालाही विचारा, धड चाललेल्या वस्तूची भलतीच वस्तू करून दाखवणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांच्या घरातली कुठलीच वस्तू तिच्या मूळ जन्मात नाही. शिलाई मशीनच्या पायडलवर लसूण सोलला जातो, टेबलफॅनच्या जाळीवर शेवया वाळतात, आणि दारावरची बेल मामांनी स्वतः दुरुस्त केल्यापासून ती दाबली की शेजारच्या घरात वाजते. मग शेजारीण बाहेर येऊन, "मामा, पावणं आल्यात," असं ओरडून सांगते. मामांच्या मते यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं राहतं. सरकारी कचेरीतली नोकरी संपल्यावर मामा मोकळे झाले आणि घरातल्या वस्तूंना धडकी भरली.

मामांचं एकच येणंजाणं होतं. दर रविवारी स्कूटर काढायची आणि बोरगावला थोरल्या बहिणीकडे जायचं. आक्कांची नजर गेलेली. मामांच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की त्या उठून बसायच्या आणि सुनेला चहा टाकायला सांगायच्या. पण मध्यंतरी एका वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि मामा सरळ उसाच्या फडात गेले. हाड मोडलं नाही, पण बेंगळुरूचा मुलगा धावत आला आणि जाताना स्कूटर विकूनच गेला. "आत्याकडं बसनं जावा," असं त्यानं बजावलं. तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "बसनं पावणा जातो. भाऊ आपल्या गाडीनं जातो." आणि त्यांनी बोरगावला जाणंच सोडलं. आक्का फोनवर विचारायच्या, मामा म्हणायचे, "येतो की, गाडीचं काम निघालंय."

ते काम काय होतं हे मला एका मुक्कामात कळलं. ज्या लोखंडी खाटेवर जावई म्हणून मी इतकी वर्षं झोपलो, ती खाट जागेवर नव्हती. गादी जमिनीवर होती. मामांनी मोबाइलवर कुठल्याशा देशातल्या माणसाला गुडघाभर उंचीची मोटारसायकल घरी बनवताना पाहिलं होतं, आणि खाटेच्या नळ्या कापून, गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून सांगाडा उभा केला होता. चाकं बांधकामावरच्या ढकलगाडीची. "ही स्कूटर न्हवं," मामा म्हणाले, "तवा पोराचा शब्द मोडत न्हाय." मामांची उंची एवढी, की एसटीत त्यांना मान वाकवून उभं राहावं लागतं. त्या गाडीवर ते बसले की त्यांचे गुडघे कानांच्या वर जात आणि दुरून पाहणाऱ्याला गाडी दिसतच नसे.

इंजिन आलं ते पाणी उपसायच्या एका लहान पंपाचं. ते चालतं का हे बघायला सपाट जागा हवी म्हणून मामांनी ते स्वयंपाकाच्या कट्ट्यावर ठेवून दोरी ओढली. फळीवरचे डबे रांगेनं चालत कडेपर्यंत आले. मामींनी शांतपणे कुकर उचलला आणि अर्धवट शिजलेला भात शेजारी जाऊन शिजवला. पुढं इंजिन सांगाड्यावर बसवायचं आलं. इंजिनाचं दातेरी चाक आणि मागच्या चाकाचं दातेरी चाक एका रेषेत हवं, नाहीतर साखळी उतरते. त्यासाठी खडेबाजारात अर्धं कानडीत आणि अर्धं हातवाऱ्यांनी दुकानदाराशी बोलून मामांनी साखळी आणि क्लच आणला, दोन्ही चाकांना सुतळी लावली, आणि ती सरळ आहे का हे पाहायला अंगणात आडवे होऊन एक डोळा मिटला. इतका वेळ ते तसेच पडून राहिले, की शेजारणीनं कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला. मामांनी कांदा बाजूला सारला. "रेषा हलली की वो," एवढंच बोलले आणि पुन्हा डोळा मिटला.

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे अंगणात उभे होतो. मामांनी दोरी ओढली, बैठक मारली, मूठ पिळली, आणि गाडी मागं गेली. मागं न्हाणीघर होतं. मामा समोर आमच्याकडे बघत, तोंडावरची ऐट तिळभर न बदलता, न्हाणीत शिरले आणि आत बादल्यांचा आवाज झाला. इंजिन भलत्या बाजूला तोंड करून बसलं होतं, त्यामुळे चाक उलटं फिरत होतं. हे मी म्हणालो. मामांना ते पटलं नाही. "इंजिन बरोबर हाय," ते म्हणाले, "मीच उलटा बसलोय." आणि ते शेपटीकडे तोंड करून बसले, हात पाठीमागं नेऊन मूठ धरली आणि खरोखर गल्लीत निघाले. मात्र हँडल डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे जाई. असे ते किराणा दुकानात दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा काही घ्यायचं नसताना.

तिसऱ्या फेरीला नाक्यावरच्या हवालदारानं अडवलं. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं विचारलं, "एन री इदु?" म्हणजे हे आहे तरी काय.

"गाडी हाय," मामा म्हणाले.

"नंबर यल्ली?" म्हणजे नंबर कुठंय.

"लावतो की. पण साहेब, ही उलटी जाती. नंबर पुढं लावायचा का मागं, तेवढं सांगा."

हवालदार बराच वेळ पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते पाहत राहिला. शेवटी मराठीत म्हणाला, "मामा, रोडला आणू नका. रानातनं फिरवा."

सुटका झाली ती मामींमुळे. त्यांना गाडीच्या दिशेशी काही देणंघेणं नव्हतं. इंजिनाच्या धुराची नळी स्वयंपाकघराकडे होती आणि आमटीला पेट्रोलचा वास येत होता. "त्याचं तोंड तिकडं करा," त्या म्हणाल्या, "न्हायतर मी बेंगळुरूला जाते." मामांनी निमूटपणे इंजिन सोडवून फिरवून बसवलं. साखळी आता दुसऱ्या बाजूला आली, म्हणून मागचं चाकही काढून उलटं घातलं. दोरी ओढली, मूठ पिळली, आणि गाडी पुढं गेली. मामा थांबले, उतरले, आणि मला म्हणाले, "मी म्हनत हुतो न्हवं, धूर अडत हुता."

पुढच्या रविवारी आम्ही रानातल्या पाणंदीच्या वाटेनं बोरगावला निघालो. मामा पुढं, मी माझ्या मोटारसायकलवर मागं. बैलगाडीनं आम्हाला गाठलं आणि गाडीवान मामांशी गप्पा मारत बराच वेळ बरोबरीनं चालला. दोनदा साखळी उतरली, मामांनी दोनदा चढवली. आक्कांच्या गल्लीत शिरलो, पण दारात हालचाल नव्हती. आवाज ओळखीचा नव्हता, त्यामुळे आक्का आतच बसून होत्या. मामा उतरून उंबऱ्यात जाऊन म्हणाले, "आक्का, मी हाय."

आक्का बाहेर आल्या. त्यांनी चाकांवरून, खाटेच्या नळ्यांवरून, गरम इंजिनाजवळून हात फिरवला. "केवढंसं रं हे," म्हणाल्या, "मी बी बसंन की." मामा कधी नव्हे ते घाबरले. पण आक्का लुगडं सावरून बसल्यासुद्धा. मामांनी इंजिन चालू केलं, दोन्ही हातांनी गाडी घट्ट धरली आणि मूठ पिळली नाही. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली.

"निघालो का?" आक्कांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय. गल्ली सोडली बघ," ते म्हणाले. "आता ऊस लागला दोनी अंगाला. वारं येतंय न्हवं?"

"येतंय. हळू घे."

"हळूच हाय. वढा आला आता. पानी हाय थोडं."

आक्कांनी पाय वर उचलून घेतले. "त्या वढ्यापशी आपली चिंच हाय का रं अजून?"

ती चिंच कधीच पाडली होती, हे मलाही माहीत होतं. "हाय की," मामा म्हणाले.

"मग थांब जरा हितं," आक्का म्हणाल्या.

मामांनी इंजिन बंद केलं. आक्कांची सून चहा घेऊन दारात आली होती, तीही तिथंच उभी राहिली. आक्कांना उतरायची घाई नव्हती, आणि मामांनीही गाडी सोडली नाही.